अँटेनावर लांबचं टीव्ही स्टेशन पकडताना बूस्टर कुठे लावायचा?

चित्र चौकोन-चौकोन होऊन अडकायला लागलं की बहुतेक जण टीव्हीमागे बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, लावतात. तिथे तो जवळपास वाया जातो. ३० मीटर आरजी-६ केबलमध्ये (अँटेनाची नेहमीची गोल केबल) यूएचएफ सिग्नल, म्हणजे टीव्हीच्या वरच्या पट्ट्यातला सिग्नल, साधारण ५ डेसिबलने घटतो, म्हणजे जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मग बूस्टर उरलेल्या सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो. त्याची जागा खांबावर, अँटेनापासून मीटरभराच्या आत. वीज त्याच केबलमधून वर जाते, म्हणून वाटेत स्प्लिटर (एका केबलच्या दोन-तीन करणारा जोड) असेल तर तो वीज पुढे सोडणारा हवा. नाहीतर बूस्टर बंदच राहतो आणि सिग्नल आधीपेक्षाही पडतो.

पण आधी अँटेना. यागी, म्हणजे ओळीने दांड्या असलेला अँटेना, स्टेशनच्या दिशेला; आडव्या ध्रुवीकरणासाठी, म्हणजे स्टेशनच्या लहरी आडव्या कंप पावत असतील तर, दांड्या आडव्या. ६०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५० सेंटिमीटर असते, त्यामुळे खांब वीतभर सरकवला तरी फरक पडतो. पाच-पाच अंश फिरवा, दर वेळी थांबून सिग्नलची गुणवत्ता बघा. नुसती ताकद फसवते.

जवळच दुसरा जोरदार ट्रान्समीटर असेल तर बूस्टर नकोच, त्या जादा सिग्नलने तो गुदमरतो.

कनेक्टरला रबरी टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकेल. पावसाळ्यानंतर सिग्नल गेला तर कनेक्टर उघडा: तांब्याची तार हिरवी पडलेली दिसली की तेवढा तुकडा कापून टाका.