बंब अंगणात होता, गीझर बाथरूममध्ये आला

धुळ्याला देवपुरात आमचं घर. जानेवारीत इथे पहाटे पारा सात-आठ अंशांवर उतरतो, त्यामुळे थंडी पडली की बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांवर आम्ही प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचो. वारा येऊ नये म्हणून. गॅस गीझर त्याच खिडकीशेजारच्या भिंतीवर. बसवणाऱ्याने पाच वर्षांपूर्वी तिथेच बसवून दिला आणि आम्हीही काही विचारलं नाही.

तो रविवार होता. आधी ह्यांची आंघोळ झाली, मग धाकट्याची, शेवटी मुलीचं केस धुणं. अर्धा तास पाणी चालू. मग कडी निघाल्याचा आवाज आला आणि ती उंबरठ्यातच मटकन खाली बसली. "मम्मी, डोकं फुटतंय," म्हणाली आणि तिथेच उलटी केली. सासूबाई देवघरातून धावत आल्या, "काय व्हयनं वं माय?" ओल्या केसांचं पाणी फरशीवर टपटपत होतं आणि तिला टॉवेलही नीट धरता येत नव्हता.

आम्हाला वाटलं, उपाशीपोटी कढत पाण्याने चक्कर आली असेल. साखरपाणी दिलं. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता, तो बोटाला लावला. 98 दाखवलं. जीव भांड्यात पडला. पण ह्यांचंही डोकं सकाळपासून जड होतं, आणि नळ बंद करायला आत गेले तेव्हा गीझरच्या बारीक खिडकीतून त्यांना ज्योत दिसली. निळी नव्हती, पिवळी, वर वर लपलपणारी. त्यांनी सिलिंडरचा कॉक बंद केला, घराची सगळी दारं-खिडक्या उघडल्या आणि आम्ही थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गीझर गॅसचा आहे का?" ऑक्सिमीटरचं सांगितलं तर त्यांनी मान हलवली. कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो, आणि घरातला साधा ऑक्सिमीटर ह्या दोघांतला फरक ओळखत नाही. आकडा 98 आणि माणूस गुदमरतोय, असं होऊ शकतं. तिला लगेच मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, ऑक्सिजनवर तासा-दीड तासात होतो. संध्याकाळी ती उठून बसली आणि खिचडी मागितली. तोवर मी तिचा हात सोडला नव्हता.

आमच्या डोक्यात एकच होतं, गॅस गळला असता तर वास आला असता. वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, कारण त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य घातलेलं असतं. हा वायू तयार होतो गॅस अर्धवट जळल्यावर, आणि त्याला ना रंग ना वास. एक किलो गॅस पुरता जळायला साधारण बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम पाच बाय सहा फूट, उंची आठ. आतली हवा सात घनमीटरसुद्धा भरत नाही. त्यात तिघांच्या आंघोळी लागोपाठ, दार बंद, खिडकीवर प्लॅस्टिक. हा हिशेब मी त्या रात्री वहीत मांडला आणि नंतर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी एक मेकॅनिक बोलावला. त्याने दोन मोठे सेल बदलले, ठिणगी पडते का पाहिली, "झालं ताई" म्हणून निघाला. मी पैसे दिले, पण गीझर चालू करू दिला नाही. दोन दिवसांनी ओळखीतून एक जुने मिस्तरी मिळाले. "आधी कव्हर उघडू," म्हणाले, आणि मला शेजारी उभं केलं.

आतलं पाहून पोटात गोळा आला. वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांची कॉईल असते, तिच्या फटींतून जळालेला वायू वर निघून जातो. त्या फटी काजळीने बुजल्या होत्या. बर्नरच्या भोकांत धूळ आणि कोळ्याचं जाळं. आमचं पाणी बोअरचं, जड. पाण्याच्या वाटेवरच्या जाळीवर पांढरा थर इतका कडक की तो नखाने निघेना. गीझर तापला की आत टकटक वाजायचं, ते आत बसलेल्या क्षारामुळे, हे तेव्हा कळलं.

त्यांनी सिलिंडर आणि पाणी बंद करून सेल काढले. बर्नर मऊ ब्रशने साफ केला, कॉईलच्या फटी एकेक करून मोकळ्या केल्या. कॉईलमध्ये लिंबूसत्वाचं पाणी भरून ठेवलं, तर ते फेसाळत गढूळ होऊन बाहेर आलं. मग स्वच्छ पाण्याने धुतली. आतला रबरी पडदा चिरला होता, तोही बदलला. केशरी नळीवरची मुदत संपून गेलेली. अशी नळी पाच वर्षांनी बदलायची असते हे मला स्वयंपाकघरातल्या शेगडीपुरतंच ठाऊक होतं. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. काडी पेटवून नाही, हे त्यांनी धाकट्याला आवर्जून सांगितलं.

पण साफ केलेला गीझर पुन्हा आत लावायला त्यांनी ठाम नकार दिला. "आग बाहेर, पाणी आत," एवढंच बोलले. म्हणून मागच्या बोळातल्या भिंतीवर, पत्र्याच्या पडवीखाली तो बसवला. वारा थेट लागू नये एवढाच आडोसा, वर कुठल्याही खोलीची खिडकी नाही. गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत घेतला. सिलिंडर उभा, त्याच्या कपाटाला तळाशी जाळी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. गटाराचं तोंडही तिथून लांब ठेवलं. आतल्या खिडकीवरचं प्लॅस्टिक मी स्वतः फाडून काढलं.

सासूबाई हे सगळं पायरीवर बसून पाहत होत्या. त्यांच्या माहेरी अंगणात तांब्याचा बंब असायचा, पऱ्हाट्या पेटवून पाणी तापायचं. "आम्हना बंब आंगनमाच व्हता. धूर तरी दिखे," त्या म्हणाल्या.

आता दसरा झाला की मी मिस्तरींना फोन करते, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी सर्व्हिसिंग होऊन जातं. गीझरच्या पत्र्यावर मार्करने दोन तारखा लिहिल्या आहेत, साफ केल्याची आणि नळी बदलल्याची. गळतीसाठीचा 1906 हा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. आणि रोज सकाळी पहिला नळ सोडला की मी बोळात जाऊन त्या बारीक खिडकीत डोकावते. ज्योत निळी दिसली की मगच मुलीला हाक मारते.