जनरल गालिएनीची कारकीर्द कागदांवरून जुळवताना

जोझेफ गालिएनी बहुतेकांना माहीत असतो तो एकाच गोष्टीसाठी: सप्टेंबर 1914 मध्ये पॅरिसच्या टॅक्सींतून सैनिक आघाडीवर धाडणारा फ्रेंच सेनापती. तेव्हा तो 65 वर्षांचा होता. त्याआधीची त्याची बरीचशी नोकरी सेनेगल, फ्रेंच सुदान (आजचं माली), टोंकिन (उत्तर व्हिएतनाम) आणि मादागास्करमध्ये गेली होती. ही कारकीर्द चरित्रांवर न विसंबता मूळ कागदांवरून जुळवायची असं ठरवून मी काम केलं. ज्या क्रमाने ते पुढे गेलं तो इथे मांडतो. वसाहतींत नोकरी केलेल्या कोणत्याही फ्रेंच सेनापतीला थोड्याफार फरकाने तो लागू पडेल.

सुरुवात घरबसल्या होते. 'लेजिओं दॉनर' हा किताब मिळालेल्यांच्या फायली 'लेओनोर' या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क बघता येतात. मानकरी 1977 पूर्वी वारलेला असला पाहिजे. शोध घेण्याआधी जन्मतारीख आणि जन्मगाव हाताशी ठेवा, कारण एकाच आडनावाचे अनेक अधिकारी निघतात. गालिएनीचा जन्म 24 एप्रिल 1849 चा, पिरेनीजच्या पायथ्याच्या साँ-बेआ गावचा. त्याच्या आडनावातला 'ए' काही ठिकाणी आघातचिन्हासह छापतात, काही ठिकाणी त्याविना. दोन्ही वर्तन्या टाकून बघाव्यात. 1871 च्या मे महिन्यात पॅरिस कम्युनच्या, म्हणजे तिथल्या बंडखोर सरकारच्या, धामधुमीत हा किताब देणाऱ्या संस्थेची इमारत जळाली होती. त्यामुळे त्याआधीच्या मानकऱ्यांच्या फायलींत मूळ कागद कमी आणि नंतर जमवलेल्या नकला जास्त असतात.

फायलीतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सेवापत्रक, आपल्याकडच्या सर्व्हिस बुकाचा सारांशच. त्यात पदं आणि त्यांच्या तारखा, मोहिमा, जखमा, मानचिन्हं असे रकाने असतात. मोहिमांच्या रकान्यात नवखा हमखास फसतो. युद्धातली आणि वसाहतीतली वर्षं पेन्शनसाठी वाढीव धरली जात, त्यामुळे तळाशी केलेली बेरीज प्रत्यक्ष नोकरीपेक्षा बरीच जास्त भरते. ती बेरीज सोडून द्यावी आणि फक्त सुरुवातीच्या व शेवटच्या तारखा उतरवून घ्याव्यात.

पदांच्या बाबतीतही एकाच बढतीला तीन तारखा असू शकतात: हुकूम निघाल्याची, ज्येष्ठता मोजायची आणि प्रत्यक्ष सूत्रं हाती घेतल्याची. शिवाय पद कायम की तात्पुरतं हे बघावं लागतं. द गॉलचं ब्रिगेडचं जनरलपद 1 जून 1940 पासूनचं, पण तात्पुरतं होतं. मी तिन्ही तारखांना वेगळे रकाने ठेवले. पुस्तकापुस्तकांत दिसणारे बरेचसे फरक त्यातच मिटतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गालिएनीच्या काळी डिव्हिजनचा जनरल हेच सर्वोच्च पद होतं. तो 1899 मध्ये तिथे पोचला आणि मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. त्यामुळे पुढची चढती कमान पदाच्या रकान्यात शोधून सापडत नाही. लिओंचं सैन्यदल, युद्धमंडळ, पॅरिसचं लष्करी राज्यपालपद अशा नेमणुकांमधून ती दिसते.

आता खरी अडचण. गालिएनी साँ-सिरच्या लष्करी शाळेतून 1870 मध्ये बाहेर पडला तो मरीन पायदळात. हे पायदळ नौदल मंत्रालयाच्या ताब्यात होतं. 7 जुलै 1900 च्या कायद्याने ते युद्ध मंत्रालयाकडे गेलं आणि त्याचं नाव 'वसाहती पायदळ' झालं. मधल्या काळात, 1894 मध्ये, वसाहतींचं स्वतंत्र मंत्रालयही निघालं. म्हणजे एकाच माणसाची नोकरी तीन मंत्रालयांच्या दप्तरांत विखुरलेली. सेनापतींच्या वैयक्तिक फायली पॅरिसला लागून असलेल्या व्हँसेनच्या किल्ल्यात, लष्कराच्या इतिहास विभागाकडे, 'वाय डी' मालिकेत आहेत. वसाहतींचा कारभार मात्र दक्षिणेत एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या दप्तरखान्यात. नुसतं व्हँसेन बघून परतलेल्या अभ्यासकाच्या हाती शिपाई लागतो, प्रशासक निसटतो.

व्हँसेनला जाण्यापूर्वी वाचनकक्षातली जागा आणि हव्या त्या फायली आगाऊ नोंदवाव्या लागतात. ऐनवेळी जाऊन फाइल मागितली तर ती त्याच दिवशी मिळेल याचा भरवसा नाही. फायलींचे क्रमांक आधीच सूचीतून काढून ठेवावेत. पासपोर्ट आणि पेन्सिल बरोबर हवी. वैद्यकीय कागदांना मृत्यूनंतर 25 वर्षांची, आणि मृत्यूची तारीख माहीत नसेल तर जन्मापासून 120 वर्षांची गोपनीयतेची मुदत असते. पहिल्या महायुद्धातल्या सेनापतींना ही आड येत नाही, पण अल्जीरियाच्या युद्धातल्या अधिकाऱ्यावर काम करणाऱ्याने ती आधीच तपासावी.

सेवापत्रकाची प्रत्येक ओळ त्या त्या जागेच्या कागदांसमोर धरायची, हा माझ्या कामाचा गाभा. पत्रकात 'सेनेगल' एवढंच दिसतं. प्रत्यक्षात 1880-81 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सेगूच्या सुलतान अहमदूने गालिएनीच्या शिष्टमंडळाला नांगो गावी सुमारे दहा महिने अडकवून ठेवलं होतं. 'मादागास्कर, 1896 ते 1905' या ओळीच्या पोटात तर एक सबंध राज्य बुडालेलं आहे. सप्टेंबर 1896 मध्ये गालिएनी तिथे पोचला तेव्हा मेनालांबा या फ्रेंचविरोधी बंडखोरांचा उठाव पेटला होता. 15 ऑक्टोबरला गृहमंत्री रैनांद्रियामांपांद्री आणि राणीच्या नात्यातला राजपुत्र रात्सिमामांगा यांना घाईघाईच्या खटल्यानंतर गोळ्या घालण्यात आल्या. फेब्रुवारी 1897 मध्ये राणी रानाव्हालोना तिसरी हिला रेयुनियाँ बेटावर आणि पुढे अल्जीयर्सला हद्दपार केलं. रस्ते बांधायला पुरुषांवर वर्षाला 50 दिवसांची वेठबिगार लादली. सेवापत्रकात यातलं काहीही नाही, आणि असायचं कारणही नाही. तो कागद त्या कामासाठी लिहिलेलाच नाही. म्हणूनच वसाहतीचं राजपत्र आणि गव्हर्नर जनरलच्या कचेरीचा पत्रव्यवहार शेजारी ठेवून वाचणं मी अनिवार्य मानतो. गालिएनीची पद्धत, म्हणजे कागदावर तेलाचा डाग पसरावा तसं ठाण्याठाण्याने, बाजार, शाळा आणि दवाखाना घेऊन पुढे सरकायचं, ही टोंकिनमध्ये आकाराला आली आणि मादागास्करमध्ये त्याच्या हाताखालचा अधिकारी लिओते याने ती पुढे नेली. फ्रेंच लष्करी लिखाणात तिचं कौतुक फार आहे. त्या डागाखाली कोण आलं ते लिहायची जबाबदारी आपली.

1914 साठी वेगळा मार्ग आहे. 'मेम्वार दे झॉम' या संकेतस्थळावर पलटणींच्या रोजनिशा '26 एन' मालिकेत चित्ररूपात आहेत. त्यांत शब्दशोध चालत नाही; पलटणीचा क्रमांक निवडायचा आणि तारखेनुसार पानं उलटायची. टॅक्सींच्या प्रसंगासाठी 103 आणि 104 क्रमांकाच्या पायदळ पलटणींच्या रोजनिशा उघडा आणि 6 ते 8 सप्टेंबरची पानं वाचा. हस्ताक्षर घाईचं असतं आणि गावांची नावं कानावर पडतील तशी लिहिलेली असतात, म्हणून जुना नकाशा शेजारी हवा. सुमारे 600 टॅक्सींनी या दोन पलटणींचे चारेक हजार सैनिक नांतोय-ल-ओदुआँच्या बाजूला नेले, दर गाडीत साधारण पाच जण. मीटर चालू होते. चालकांना मीटरच्या 27 टक्के रक्कम दिली गेली आणि सरकारला एकूण 70,012 फ्रँक खर्च आला. या पलटणी ज्या डिव्हिजनच्या होत्या तिचं उरलेलं पायदळ रेल्वेने गेलं. मार्नच्या या लढाईचा निकाल टॅक्सींनी लावला नाही. जर्मन सेनापती क्लुकचं सैन्य पॅरिसला बगल देऊन आग्नेयेकडे वळतंय हे 3 सप्टेंबरला विमानांतून दिसलं आणि गालिएनीने त्या सैन्याच्या उघड्या बाजूवर फ्रेंच सेनापती मोनुरीची सहावी आर्मी घालायचा आग्रह धरला. त्याची खरी कामगिरी ती.

ऑक्टोबर 1915 ते मार्च 1916 या काळात तो युद्धमंत्री होता. या साडेचार महिन्यांच्या कागदांसाठी लष्करी फाइल पुरत नाही, संसदेचं कामकाज बघावं लागतं. 27 मे 1916 ला व्हर्सायला त्याचा मृत्यू झाला. सेवापत्रक तिथे थांबतं. त्याला मार्शल केलं गेलं ते 1921 मध्ये, मरणोत्तर, म्हणून ती नोंद सरकारी राजपत्राच्या त्या वर्षीच्या अंकांत शोधायची. ते 'गालिका' या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत.