टीपीआर चार्टवरचा 20

कुठल्याही जनरल वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसनाच्या नोंदींचा कागद, उघडा आणि श्वसनाच्या रकान्यावरून बोट फिरवा. 20, 20, 18, 20, 20. पेशंट दम्याचा असो की हर्नियाचा, आकडा तोच. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी ऑक्सिमीटरवर दिसते, बीपीला मशीन आहे. श्वास मात्र घड्याळ धरून स्वतः मोजावे लागतात आणि तीस पेशंट म्हणजे सरळ अर्धा तास. मग आकडा अंदाजाने पडतो.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नीतिशास्त्राचे चार शब्द पाठ होतात: स्वायत्तता, हित, अपाय न करणं, न्याय. परीक्षेत ते लिहिता येतात. वॉर्डात मात्र खरा प्रश्न एवढाच असतो, की जे केलं नाही ते केलं म्हणून लिहायचं का?

न्यूमोनिया किंवा सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागतात तेव्हा) बीपी बहुतेक वेळा उशिरा पडतं, श्वास त्याच्या कितीतरी आधी वाढतो. पेशंट मिनिटाला 28 श्वास घेतोय आणि चार्टवर 20 आहे, तर राउंडवरचे डॉक्टर पान उलटून पुढे जाणार. रकाना रिकामा असता तर निदान कुणीतरी विचारलं असतं. म्हणून खोटा आकडा रिकाम्या जागेपेक्षा वाईट.

मोजायची रीत साधी आहे. नाडी झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. श्वास मोजताहेत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. लय नियमित असेल तर 30 सेकंद मोजून दुप्पट चालतं, लय बिघडलेली असेल किंवा लहान मूल असेल तर पूर्ण मिनिट. आणि खरंच वेळ नसेल तर आधी धाप लागलेले, ऑक्सिजनवरचे आणि ऑपरेशन होऊन आलेले पेशंट मोजा. बाकीच्यांपुढे ‘घेतले नाही’ असं लिहा आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, सांगा. इनचार्ज सिस्टर रागावतील, रागावू देत. शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डासाठी भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण तीन पेशंटांमागे एक नर्स असं आहे. नाईटला एका सिस्टरकडे तीस पेशंट असतील तर ‘घेतले नाही’ ही नोंद म्हणजे त्या कमतरतेचा कागदावरचा पुरावा. सगळीकडे 20 लिहून आपण तो पुरावा स्वतःच पुसतो.

औषधांच्या चार्टचंही तेच. ड्यूटीवर आल्या आल्या दिवसभराच्या डोसवर सह्या करून ठेवायची सवय फार जुनी आहे. मग दोन वाजता पेशंट सोनोग्राफीला गेलेला असतो, किंवा कॅन्युला (शिरेत औषध देण्याची नळी) निघालेली असते, आणि अँटिबायोटिकचा डोस कागदावरच राहतो. पुढच्या पाळीची सिस्टर सही बघून गप्प बसते. सही डोस दिल्यावर, बेडपाशीच करायची. डोस गेला नाही तर त्या वेळेभोवती गोल करून कारण लिहायचं: उपाशी, नकार दिला, औषध आलं नाही. आणि दुसऱ्याने भरून ठेवलेली सिरिंज द्यायची नाही, भरणारी सिस्टर कितीही सिनियर असो. चूक दुरुस्त करताना एकच आडवी रेघ, वर तारीख, वेळ, सही. व्हाइटनर केसपेपरला कधीच लावायचं नाही.

फोनवरची ऑर्डर आधी लिहायची, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ रात्री दोन वाजता सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’ असं आकडा फोडून विचारायचं.

इन्सुलिन हा मात्र सगळ्यात निसरडा विषय. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हायलमध्ये एका मिलीत 40 युनिट असतात, त्यासाठी लाल टोपीची सिरिंज. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये (आत बसणाऱ्या औषधाच्या नळीत) एका मिलीत 100 युनिट. पेनच्या सुया संपल्या की कुणीतरी कार्ट्रिजमधूनच लाल टोपीच्या सिरिंजने इन्सुलिन ओढतं. 10 च्या रेघेपर्यंत ओढलं की पाव मिली येतं, म्हणजे 25 युनिट. अडीचपट! ऑर्डरमध्ये ‘4U’ लिहिलं असेल तर ते 40 वाचलं जाण्याचा धोका वेगळाच. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून घ्या.

समजा असं जास्त इन्सुलिन गेलं. लगेच ग्लुकोमीटरने शुगर बघा आणि पहिला फोन आरएमओंना (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना) करा, मैत्रिणीला नाही. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर डॉक्टरांना विचारून खायला द्या, कॅन्युला चालू आहे ना ते बघा, डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं ग्लुकोज) हाताशी ठेवा. त्वचेखाली दिलेल्या रेग्युलर इन्सुलिनचा जोर दोन ते चार तासांत असतो, त्यामुळे पहिली शुगर 130 आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासत राहायचं. केसपेपरवर फक्त घडलेलं लिहा: किती वाजता, कोणतं इन्सुलिन, प्रत्यक्ष किती युनिट, शुगर किती, कुणाला कळवलं. ‘गर्दीमुळे’, ‘अमुक सिस्टरने भरलं होतं’ हे तिथे नको. त्यासाठी इन्सिडेंट फॉर्म वेगळा असतो, आणि सुया संपल्या होत्या हे त्यात लिहिलंच पाहिजे.

पेशंटला सांगायचं का? सांगायचं. डॉक्टर आणि इनचार्ज सिस्टर दोघांनी मिळून, खुर्ची ओढून बसून: ‘काका, सकाळी इन्सुलिन ठरल्यापेक्षा जास्त गेलंय. आमच्याकडून चूक झाली. आता शुगर ठीक आहे, पण संध्याकाळपर्यंत आम्ही सारखी तपासणार. घाम आला, हात थरथरले तर लगेच बेल दाबा.’ यात माफी आहे आणि पेशंटच्या उपयोगाची माहितीही आहे. दर थोड्या वेळाने बोट का टोचताहेत हे त्यांना नाहीतरी कळणारच आहे.

पण इन्सिडेंट फॉर्म भरला की हातात मेमो पडत असेल, तर पुढचा फॉर्म कुणी भरणार नाही. मेट्रननी आधी विचारायला हवं, की सुया कधी संपल्या आणि इंडेंट (स्टोअरकडचं मागणीपत्र) कुठे अडकलं. पेनच्या सुया स्टॉकमध्ये कायम ठेवायच्या, 40 च्या आणि 100 च्या सिरिंज वेगळ्या खणांत, आणि संपलेल्या पेनचं रिकामं कार्ट्रिज त्याच दिवशी वॉर्डाबाहेर.