माशाच्या डोळ्यासमोरचा ठिपका

माझं सकाळचं पहिलं काम म्हणजे पिल्लू बसवणं. म्युनिकच्या यू-६ मेट्रोने ग्रोसहाडर्नला उतरायचं, बसने मार्टिन्सरीडला लॅबमध्ये यायचं आणि स्वेटर खुर्चीवर टाकून अगारोज कोमट करायचं. अगारोज शेवाळापासून निघतं आणि घरच्या चायना ग्राससारखंच गोठतं. त्यात झेब्राफिशचं सात दिवसांचं पिल्लू सोडायचं आणि गोठायच्या आत सुईने हलकेच पाठ वर करून सरळ करायचं. मग शेपटीभोवतीचा थर ब्लेडने काढून टाकायचा. डोकं पक्कं, शेपटी मोकळी. पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं आणि पाण्यासारखं पारदर्शक. काळे म्हणावेत तर दोन डोळेच.

हा मासा मूळचा आपल्याकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद छापली, त्यात तो पहिल्यांदा शास्त्रात आला. तो मला इथे बव्हेरियात भेटावा, याचं पहिले काही महिने फार अप्रूप वाटायचं. अजूनही वाटतं.

या पिल्लाच्या मेंदूत सुमारे एक लाख मज्जापेशी असतात. आमच्या पिल्लांच्या पेशींमध्ये जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनापासून घडवलेलं एक प्रथिन असतं. पेशी चेतली की आत कॅल्शियम वाढतं आणि ती हिरवी उजळते. कवटीला हात न लावता, जिवंत माशाचा मेंदू काम करताना दिसतो.

समोरच्या पडद्यावर छोटा ठिपका सरकवला की पिल्लाचे दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि शेपटी वाकते, भक्ष्य दिसल्यासारखी. तोच ठिपका झपाट्याने मोठा होत गेला, तर ते निसटायला बघतं. डाव्या डोळ्याचे तंतू उजव्या टेक्टममध्ये जातात. टेक्टम म्हणजे मधल्या मेंदूचं छप्पर. तिथे समोरच्या दृश्याचा जणू नकाशाच असतो, आणि तिथून निरोप मागच्या मेंदूला, मज्जारज्जूला, शेपटीला.

पळून जाण्याचा सगळ्यात जलद मार्ग मागच्या मेंदूतल्या दोन मोठ्या पेशींमधून जातो. लुडविग माउथनर यांनी १८५९ मध्ये त्यांचं वर्णन केलं. डावीकडे टकटक झाली की डावी माउथनर पेशी एकदाच चेतते, तिचा तंतू पलीकडे जाऊन उजव्या बाजूचे स्नायू आवळतो आणि पिल्लू धनुष्यासारखं वाकून आवाजापासून दूर वळतं. हे सगळं दहा मिलिसेकंदांच्या आसपास.

माणसाला माउथनर पेशी नसतात, पण दचकवणाऱ्या पेशी आपल्याही मेंदूच्या देठात आहेत. इथे रस्ता ओलांडताना गाड्या डावीकडून येतात. गेल्या नोव्हेंबरात मी सवयीने उजवीकडे बघून पाऊल टाकलं आणि डावीकडून सायकल आली. पाय मागे आला होता; घंटी वाजली होती हे मला नंतर कळलं. त्या दिवशी लॅबमध्ये पिल्लाकडे जरा वेगळ्याच मायेने पाहिलं.

पण मला खरा ओढून घेतो तो मधल्या आकाराचा ठिपका. धड भक्ष्य नाही, धड धोका नाही. इथेच मार्टिन्सरीडला झालेलं काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं: भुकेलं पिल्लू अशा ठिपक्याकडे जास्त वेळा झेपावतं, पोट भरलेलं त्याला टाळायला बघतं. भुकेत सेरोटोनिन हे निरोप्या रसायन सोडणाऱ्या पेशी जास्त कामाला लागतात, ताणाच्या संप्रेरकांची साखळी मंदावते. आणि टेक्टममध्ये, भक्ष्याएवढ्या छोट्या ठिपक्याला उत्तर देणाऱ्या आणखी पेशी जाग्या होतात. म्हणजे भूक फक्त ‘जाऊ की पळू’ एवढंच ठरवत नाही, ठिपका मेंदूत उमटतो तोच वेगळा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन आकृती बघितली होती. डोळ्याने जगाची बातमी आणायची आणि मनाने ठरवायचं, अशी सरळ वाटणी मी शाळेपासून धरून चालले होते. चार मिलिमीटरच्या माशातही ती तशी नाही.

काल काम लवकर संपलं. पिल्लाला अगारोजमधून सोडवून ताटलीत ठेवलं आणि पॅरामेशियमचे, म्हणजे त्याचं खाणं असलेल्या एकपेशीय जिवांचे, दोन थेंब टाकले. ते आधी तळाशी गप्प पडून होतं. मग एक पांढरट कण जवळून सरकला, डोळे नाकाकडे वळले, शेपटी दोनदा हलली आणि कण दिसेनासा झाला. लगेच डोळे पुन्हा बाजूला गेले. मी दिवा मालवायचं सोडून दुसऱ्या घासाची वाट बघत बसले.