नाकाच्या फवाऱ्यापासून सुटका

नाक मोकळे करणाऱ्या फवाऱ्याची सवय कुणाला लागली आहे का, हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या सर्दीची चौकशी करू नये. बाटल्या कुठे कुठे ठेवल्या आहेत ते विचारावे. माझी एक बाटली उशाशी असे, एक कामाच्या पिशवीत आणि एक कोटाच्या खिशात. हातात घेऊन हलवल्यावर त्यांपैकी एखादी हलकी लागली की नवी आणेपर्यंत चैन पडत नसे. ज्या सर्दीसाठी पहिली बाटली आणली होती ती केव्हाच बरी झाली होती. उरले होते ते फक्त चोंदलेले नाक, आणि ते चोंदत होते फवाऱ्यामुळेच.

हे असे का होते, ते समजून घेतल्यावर मला सुटकेचा मार्ग दिसला, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. नाकाच्या आतील बाजूच्या भिंतींवर हाडाच्या वळणदार कडा असतात आणि त्यांच्यावरच्या मऊ आवरणात रक्ताने भरणाऱ्या बारीक पोकळ्या असतात. त्या भरल्या की आवरण फुगते आणि हवेची वाट अरुंद होते. चिठ्ठीविना मिळणाऱ्या फवाऱ्यांत बहुधा ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असते. ही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे काही मिनिटांतच नाक मोकळे होते आणि सुरुवातीला तो परिणाम दहा-बारा तास टिकू शकतो. मात्र रोज वापरत राहिले की रक्तवाहिन्या औषधाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, परिणाम लवकर ओसरतो आणि ओसरल्यावर सूज पहिल्यापेक्षा अधिक येते. मग पुन्हा फवारा. डॉक्टर या अवस्थेला ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात.

यासाठी आधीपासून नाकाचा विकार असावा लागतो असेही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना ऑक्सिमेटाझोलिन दिवसातून तीन वेळा असे १४ दिवस दिले गेले, आणि तेवढ्या काळात त्यांच्या नाकातही औषधाचा प्रभाव घटून उलट सूज दिसू लागली. त्यांना त्यानंतर फ्लुटिकासोन या सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा फवारा दिल्यावर तीन दिवसांतच हा परिणाम मागे फिरला. मला या अभ्यासाने मोठा दिलासा दिला. ‘जरा मनावर घेतले की सुटेल’ असे सांगणारे बरेच जण भेटतात. पण सुजलेले आवरण निर्धाराने उतरत नाही. ते उतरवण्याची व्यवस्था करावी लागते.

त्या व्यवस्थेची सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे झाली, आणि ती तिथेच व्हावी असे माझे मत आहे. नाक मुळात का चोंदले होते, हा प्रश्न फवाऱ्याने झाकून टाकलेला असतो. मागे ॲलर्जी असू शकते, नाकाचा पडदा वाकडा असू शकतो किंवा आत पॉलिप, म्हणजे आवरणाची मऊ गाठ, वाढलेला असू शकतो, आणि ते कारण तसेच राहिले तर सुटलेला माणूस पहिल्याच हंगामात पुन्हा बाटलीकडे वळतो. माझ्या बाबतीत ती ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी मोमेटासोनचा स्टिरॉइड फवारा सुरू केला आणि बजावले की हा मारल्याबरोबर काहीच जाणवणार नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतील. तो मारण्याची रीतही त्यांनी शिकवली: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, म्हणजे नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न राहता बाहेरच्या बाजूला राहते. पडद्यावर सतत मारा झाला तर रक्त येऊ शकते. मारल्यावर जोराने ओढूनही घ्यायचे नाही, नाही तर औषध नाकात न राहता घशात उतरते.

जुना फवारा एकदम बंद करणारेही असतात, पण मला रात्रीची भीती होती. तोंडाने श्वास घेत, घशाला कोरड पडून, जीव घुसमटल्यासारखा होऊन उठणे ज्याने अनुभवले आहे त्याला ती समजेल. म्हणून आम्ही एका वेळी एकच नाकपुडी सोडवण्याची पद्धत निवडली. उजव्या बाजूला जुना फवारा पूर्ण बंद, डाव्या बाजूला गरजेपुरता चालू, आणि स्टिरॉइड दोन्हीकडे. उजवी बाजू पहिले काही दिवस भिंत घातल्यासारखी बंद होती, तरी एक वाट उघडी असल्यामुळे झोप लागत असे. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी चोंदते आणि वरची मोकळी होते, याचाही उपयोग झाला: मी मुद्दाम डाव्या कुशीवर झोपत असे, आणि डोक्याखाली एक उशी जास्त घेत असे. उजवी बाजू स्वतःहून मोकळी राहू लागली तेव्हा डाव्या बाजूचाही फवारा थांबवला. दुसरी खेप पहिलीपेक्षा बरीच सोपी गेली.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा आधार या काळात मोठा होता. पाव लिटर पाण्यात जेमतेम अर्धा लहान चमचा मीठ पुरते. साधे पाणी नाकाला झोंबते. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे, कारण न उकळलेल्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका दुर्मीळ असला तरी जीवघेणा आहे. मेंथॉलचा वास घेतल्याने बरे वाटते खरे, पण तो नाकातील थंडावा जाणणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो. हवेची वाट त्याने रुंद होत नाही. फिनाइलएफ्रिन असलेल्या गोळ्यांच्या वाटेला मी गेले नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागार समितीनेच सप्टेंबर २०२३ मध्ये त्या पोटात घेऊन नाक मोकळे होत नसल्याचा निष्कर्ष काढला होता.

एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. निरोगी नाकाच्याही दोन्ही बाजू सारख्या मोकळ्या नसतात. दर काही तासांनी एक बाजू थोडी भरते आणि दुसरी उघडते. वर्षानुवर्षे फवाऱ्यावर राहिलेल्या माणसाला हा विसरच पडलेला असतो, आणि एक बाजू जराशी जड झाली की त्याचा हात सवयीने खिशाकडे जातो. मी तेव्हा घड्याळ बघून थांबत असे. बहुतेक वेळा बाजू आपोआप बदलत असे.

नाक सतत एकाच बाजूने बंद असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा वास येणे थांबले असेल, तर यातले काहीही घरच्या घरी करत बसू नये. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी हे फवारे मुळात डॉक्टरांना विचारूनच वापरावेत.

बाटलीवर लिहिलेली तीन किंवा पाच दिवसांची मर्यादा पहिल्यांदा वापरणाऱ्याला पुरेशी आहे. एकदा सवय लागून गेलेल्याचे नाक मात्र थोडक्या वापरानेही पुन्हा लवकर सुजू लागते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यामुळे सर्दी झाली तर मी आता मिठाचे पाणी आणि स्टिरॉइड फवारा एवढ्यावर भागवते, आणि दुकानदाराने आपणहून जुनी बाटली पुढे केली तर ती परत करते.