आययूआय की डायरेक्ट आयव्हीएफ? तुम्ही विचारलंत म्हणून

धुळ्यात मी लॅबमध्ये काम करते, वीर्य तपासणी माझ्याकडेच असते, त्यामुळे रिपोर्ट घ्यायला आलेली जोडपी काउंटरवर जरा वाकून, आवाज कमी करून हमखास एकच विचारतात, ताई, आययूआय करून बघू की डायरेक्ट आयव्हीएफ करू? लग्नकार्यात नातेवाईक पण कोपऱ्यात घेऊन हेच विचारतात. आययूआय म्हणजे वीर्य धुऊन थेट गर्भपिशवीत सोडणं, आणि आयव्हीएफ म्हणजे अंडं बाहेर काढून लॅबमध्ये शुक्राणूशी मिलन घडवून तयार झालेला गर्भ पिशवीत ठेवणं. मी डॉक्टर नाही, औषध सांगणं माझं काम नाही, पण इतके रिपोर्ट हाताखालून गेलेत की मनापासून वाटतं ते एकदा नीट लिहून टाकते. अडचण कुठे आहे ते आधी शोधा, काय करायचं ते बरंचसं त्यावरूनच ठरतं.

आणि शोधायची सुरुवात नवऱ्यापासून करा, हे मी भांडून सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरीला सगळ्या आयाबाया विचारतात, "काही शे का वं?" (काही आहे का गं?), जावयाला कोणी विचारत नाही. मग तिची सोनोग्राफी होते, दुर्बीण होते, वर्षभर गोळ्या होतात आणि त्याची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही घरात न सांगता. खरं तर ती सगळ्यात स्वस्त, सुई नाही, भूल नाही, आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणासोबत.

फक्त सॅम्पल नीट द्या. आधी २ ते ७ दिवस संबंध नको, कंडोम वापरून काढायचं नाही, सांडलं तर सांगायचं. शिरपूर-साक्रीकडून लोक घरीच सॅम्पल काढून मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत डबी टाकून आणतात, मायक्रोस्कोपखाली बघावं तर सगळे निपचित. असा रिपोर्ट द्यायला माझा हात धजत नाही, मी परत बोलावते. लॅबमधल्या खोलीतच द्या, नाहीच जमलं तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभरात पोचवा. रिपोर्टमध्ये नॉर्मल आकाराचे ४ टक्के वाचून माणसं घाबरतात, ९६ टक्के खराब म्हणतात, अहो ४ टक्के म्हणजे ठीक आहे, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादाच तेवढी आहे, आणि काउंटची, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येची, एका मिलीला १६ मिलियन. त्याच्याखाली आलेल्यांना पण मुलं होतात. एका रिपोर्टवर काही ठरवू नका, शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. आणि जिममध्ये बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनो, त्याने शुक्राणू बनणंच थांबतं, काउंट पार शून्यावर जाऊ शकतो, कृपा करून डॉक्टरांना खरं सांगा.

रिपोर्ट निल, म्हणजे एकही शुक्राणू नाही असा, आला तरी सगळं संपत नाही. मागे दोंडाईच्याकडचा एक शेतकरी रिपोर्ट हातात घेऊन नुसता उभा राहिला, बायकोने कागद काढून घेतला, पिशवीत ठेवला, म्हणाली आधी डॉक्टरला दाखवू ना, मग बोलू. बरोबर बोलली ती. शुक्राणू बनतच नाहीत की बनतात पण रस्ता बंद आहे हे तपासावं लागतं, रस्ता बंद असेल तर सुईने काढून इक्सी करता येतं, म्हणजे एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सोडतात, आणि मूल त्या दोघांचंच असतं.

बाईच्या बाजूने मला सगळ्यात जास्त राग येतो तो गर्भपिशवीच्या नळ्या न तपासता केलेल्या आययूआयचा. आययूआयमध्ये धुतलेलं वीर्य गर्भपिशवीत सोडतात, अंडं आणि शुक्राणू भेटतात ते नळीतच, मग दोन्ही नळ्या बंद असतील तर भेटणार कुठे? महिन्याची पाळी संपल्यावर एचएसजीचा, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत का बघायचा, एक्सरे होतो, तो आधी. आपल्या देशात टीबीने नळ्या खराब झालेल्या बायका काही कमी नाहीत, आणि नळीत पाणी साठलेलं असेल तर आयव्हीएफच्या आधी ती काढतात किंवा क्लिप लावून बंद करतात, कारण ते पाणी पिशवीत उतरून गर्भ टिकू देत नाही.

नळ्या मोकळ्या, काउंट बरा, पीसीओडीमुळे अंडंच फुटत नाही, वय पंचविशीचं, अशा ताईने डायरेक्ट आयव्हीएफला पळू नये असं माझं स्पष्ट मत. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल, म्हणजे अंडं तयार व्हायची गोळी, आणि सोबत अंडं वाढतंय का बघायची फॉलिक्युलर सोनोग्राफी, एवढ्यावर पण खूप जणींना राहतं. आययूआयमध्ये एका वेळी साधारण १० ते १५ टक्के चान्स असतो, म्हणून एकदा फेल गेलं तर खचू नका, पण तीन-चार वेळा होऊनही राहिलं नाही तर तेच तेच करत बसू नका.

वयाचं मात्र कठोरपणे बोलते. कापसाचे पैसे आले की बघू, हे पंचविशीत चालतं. ३५ नंतर सहा महिने वाट बघून राहिलं नाही तर दाखवायला जा, अडतिसाव्या वर्षी दोन हंगाम घालवू नका. एएमएच ही रक्ताची तपासणी अंडी किती उरलीत त्याचा अंदाज देते, ती कशी आहेत ते वयावरच असतं.

आयव्हीएफ लाखाच्या वर जातं, विम्यात सहसा बसत नाही, आणि एकदा केलं की राहीलच अशी गॅरंटी कोणी देत असेल तर तिथून उठा. २०२१ च्या कायद्याने सेंटरला रजिस्ट्रेशन लागतं, आययूआयवाल्यालाही, आणि बाईचं वय ५० च्या पुढे किंवा पुरुषाचं ५५ च्या पुढे असेल तर करता येत नाही. मुलगाच मिळेल असं कोणी सांगितलं तर तो गुन्हा आहे, तिथे तर थांबूच नका.

जळगाव, नाशिक, सुरत कुठेही जा, फाइल स्वतःकडे ठेवा, प्रत्येक सोनोग्राफीचा आणि सायकलचा (उपचाराच्या प्रत्येक फेरीचा) कागद मागून घ्या. नवीन डॉक्टरला नळ्या आणि काउंट एका जागी दिसले की त्याच तपासण्या परत कराव्या लागत नाहीत, आणि पुढे आययूआय का आयव्हीएफ, आणि ते का, हे तुम्हाला त्याच बैठकीत विचारता येतं.