रस्त्यावरचे मृत्यू कोणत्या खात्यात मोडतात?

रस्त्यावर माणूस मेला की त्याची नोंद वाहतुकीच्या हिशेबात होते, आणि विचाराची गफलत तिथूनच सुरू होते, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर दगावली. ५ ते २९ या वयोगटात तर मृत्यूचे पहिले कारण हेच आहे.

या मृत्यूंकडे रोगासारखे पाहण्याची दृष्टी रुजवण्यात विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरांचा मोठा वाटा होता. अपघातात शरीराला अपाय करते ती ऊर्जा आणि डास जसा हिवताप वाहून आणतो तशी ती वाहून आणते गाडी, अशी त्यांची मांडणी होती. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. वीस पावलांवर रस्ता ओलांडणारे कोणी दिसले आणि चालकाचा पाय ब्रेकवर पोचायला एकच सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी पूर्ण वेगाने त्या माणसापाशी येऊन ठेपलेली असते. यात चालकाच्या स्वभावाला दोष देऊन फारसे काही साधत नाही (आपल्याला तो द्यायला आवडतो, हा भाग वेगळा).

‘आधी विकास होऊ द्या, सुरक्षितता मागून येईल’ हा युक्तिवाद मात्र मला मुळीच पटत नाही. जगातील सुमारे ६० टक्के वाहने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, पण रस्त्यांवरील मृत्यूंपैकी ९२ टक्के तिथे होतात, आणि बहुतेक देशांना या अपघातांपायी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३ टक्क्यांची झळ बसते. ही टक्केवारी घराघरांतून जमा होते. कमावत्या माणसाचे मांडीचे हाड मोडते, तो काही महिने खाटेला खिळतो, उशाशी बसण्यासाठी घरातले दुसरे कोणीतरी काम सोडते, औषधपाण्यासाठी कर्ज निघते आणि मुलाची फी थकते. मृतांच्या आकड्यात मात्र हे घर कुठेच दिसत नाही.

श्रीमंती आल्याने रस्ते आपोआप सुरक्षित होत नाहीत, हे नेदरलँड्सने दाखवले आहे. १९७१ मध्ये, देश सुस्थितीत असताना, तिथे वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरत होती आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, पुढे वस्त्यांमधील वेग उतरवला गेला, सायकलींना वेगळी वाट मिळाली. आज मृतांची संख्या त्या वेळच्या एक चतुर्थांशाहूनही कमी आहे. स्वीडनच्या संसदेने तर १९९७ मध्ये शून्य मृत्यू हेच ध्येय ठरवले, आणि माणूस चुकणारच असे गृहीत धरून रस्ता आखण्याची जबाबदारी आखणाऱ्यावर टाकली.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हे मृत्यू निम्मे करण्याचे लक्ष्य आरोग्याच्या उद्दिष्टाखाली नोंदलेले आहे. त्याची मुदत २०२० होती. ती टळल्यावर २०३० करण्यात आली. रस्ता रुंद करताना वाचणाऱ्या मिनिटांची किंमत प्रकल्प अहवालात आवर्जून मांडली जाते. त्याच रस्त्यामुळे पुढे रुग्णालयात किती खाटा लागतील, हा प्रश्न आरोग्य खात्याला तेव्हा क्वचितच विचारला जातो.